धाकट्याने पाणी शिंपडायचं

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा बघू. जानेवारीतला रविवार आहे. भात केव्हाच कापून झालंय आणि त्याच शेतात, उरलेल्या ओलीवर, वाल उभा आहे. शेंगा इतक्या भरल्यात की रोपं वाकलीत. शेताच्या कडेला एक मोठं मडकं, त्याच्याभोवती बसलेली माणसं, आणि पलीकडे निडी स्टेशनच्या बाजूने अधूनमधून गाडीची शिट्टी. आता समजा, तुम्ही दहा वर्षांचे आहात. तुमचं नाव राणी आहे. तुमच्या हातात पाण्याचा तांब्या आहे. आणि तुमच्या घरातली तुमची सगळ्यात लाडकी दोन माणसं गणपतीपासून एकमेकांशी बोललेली नाहीत.

जमलं? मग चला, मडक्याजवळच बसू.

त्या दोघांतलं एक माणूस म्हणजे राणीचे आजोबा, हैबतराव. आरोग्य खात्यात तीस वर्षं काढलेली. पाच गावं आणि डोंगरालगतच्या तीन वाड्या त्यांच्याकडे. गावात डॉक्टर रोज नसतो; पण नर्स असते, घरोघर फिरणारी आशाताई असते, अंगणवाडीची ताई असते. या सगळ्यांचं काम बघायचं आणि दर मंगळवारी त्यांची बैठक घ्यायची, हे पर्यवेक्षक म्हणून आजोबांचं काम. पुरात छातीएवढ्या पाण्यातून त्यांनी लशीची पेटी डोक्यावर नेली होती, हे साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक.

दुसरं माणूस म्हणजे प्रणिताआत्या. आजोबांच्या धाकट्या भावाची, दिनेशची, म्हणजे राणीच्या दिनूआजोबांची मुलगी. ती पुण्याच्या एका संस्थेत संशोधन करत होती. विषय असा, की सरकार आरोग्यासाठी योजना आखतं, माणसं नेमतं, औषधं पाठवतं. तरी एका गावात काम नीट होतं आणि शेजारच्या गावात होत नाही, ते का? तेवढीच माणसं, तीच औषधं. मग फरक कुठे पडतो?

दोन वर्षं आत्या पेण आणि रोहा तालुक्यांतल्या बारा गटांच्या बैठकांत कोपऱ्यात घड्याळ घेऊन बसली. कोण किती बोलतं, कोण गप्प राहतं, सगळं टिपलं. मग अहवाल लिहिला. त्यात नावं नव्हती, फक्त आकडे. गट क्रमांक सातपुढे लिहिलं होतं की पंचेचाळीस मिनिटांच्या बैठकीत पर्यवेक्षक सरासरी एक्केचाळीस मिनिटं बोलतात.

गट क्रमांक सात म्हणजे कोण, हे ऑफिसात ओळखायला कुणालाच वेळ लागला नाही. गणपतीच्या आरतीला एक सहकारी सगळ्यांसमोर म्हणाला, "या, सात नंबर, या." आजोबा तसेच मागे फिरले. त्या दिवसापासून आत्याचं नाव त्यांनी घेतलं नव्हतं.

आणि आज आत्या आली होती ती त्यांची सही मागायला.

पुढचा अभ्यास वर्षभराचा होता. बारा गटांतल्या सहांनी एक नियम पाळायचा: बैठकीत सगळ्यात खालच्या हुद्द्याचं माणूस आधी बोलेल, साहेब सगळ्यात शेवटी. उरलेल्या सहांनी नेहमीसारखंच चालवायचं. वर्षाने बघायचं की कुठे आजारी बाळं लवकर सापडली, कुठे लशी कमी चुकल्या. दोन सारखी मडकी घ्यावीत, एकात ओवा घालावा, एकात घालू नये आणि मग चव बघावी, तसंच हे. पण मडकी पुरेशी हवीत. बारापैकी अकरा पर्यवेक्षकांनी सह्या दिल्या होत्या. बारावी सोमवारी सकाळी अकराच्या आत पेणला पोचली नाही, तर संस्था हा अभ्यास दुसऱ्या जिल्ह्यात नेणार होती. आत्याची दोन वर्षं पाण्यात.

"गो राणी, पाला दाबून भर. वर मोकळं राहिलं तर शेंगा करपतात." आजी, म्हणजे गिरजाबाई, मडक्याच्या तोंडाशी बसली होती. तळाला भांबुर्ड्याचा हिरवा पाला, त्यावर जाडं मीठ आणि ओवा लावलेल्या शेंगा, मध्ये केळीच्या पानात बांधलेली कोंबडी, अंडी, बटाटे, पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पाला गच्च. मग मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा आणि काटक्या रचल्या. अशी मडक्यात भाजलेली शेंगांची मेजवानी म्हणजे पोपटी. दिनूआजोबांनी काडी लावली.

भांबुर्ड्याचा पाला भागीने आणला होता. भागी वाडीवरची आशाताई, आजोबांच्याच गटातली. आजीने तिला मुद्दाम बोलावलं होतं.

"किती वाजताची गाडी म्हणालीस तू, गो?" आजीने आत्याला विचारलं.

"सव्वासहाची. पेणला मैत्रिणीकडे राहीन, सकाळी ऑफिसात."

"म्हणजे अजून तास हाय."

राणी आजोबांच्या शेजारीच बसली होती. त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, आगीकडे पाहिलं, आणि काठीने पेंढा उगाच सारखा केला. राणीला कळलं. पोपटी लवकर व्हावी, लवकर खाऊन व्हावी, आणि सहीचा विषय निघण्याआधी आत्याने स्टेशनची वाट धरावी, असं त्यांच्या मनात होतं.

"दादा," दिनूआजोबा म्हणाले, "पोरगी कामासाठी आलीय. आमच्या कंपनीतसुद्धा शिफ्ट सुरू होताना हेल्परला विचारतात, काय दिसलं रात्री मशीनमध्ये म्हणून."

"तुमची कंपनी लोखंड करते. मी माणसं सांभाळतो."

"म्हणून तर."

"दिन्या, शेकोटीकडे बघ."

बोलणं तिथेच थांबलं. मग विषय बदलावा म्हणून की काय, आजोबांनी शिवाची गोष्ट काढली. ही गोष्ट राणीला पाठ होती. श्रावणातला गुरुवार, धो धो पाऊस, वाडीवरचं वीस दिवसांचं बाळ निपचित पडलेलं. आजोबांनी मोटरसायकल काढली, मागे बाळाची आई, तिच्या पदरात बाळ, वर प्लॅस्टिकचा कागद. वाटेतला ओढा भरलेला. तरी नेलं. अकरा दिवस इस्पितळात राहून शिवा जगला. आता पालथा पडतो.

"त्या दिवशी कुणाची मिटिंग कामाला आली?" आजोबा आगीकडे बघत म्हणाले. "घड्याळ लावून बसलं असतं तर गेलं असतं पोर."

आत्याने मान खाली घातली. भागी काटकीने मातीत रेघा ओढत होती. तिने मात्र एकदा वर पाहिलं आणि पुन्हा रेघा ओढू लागली.

आता तुम्हाला या घरातला एक रिवाज सांगायला हवा. पोपटी झाली की नाही, हे मडक्यावर पाणी शिंपडून बघतात. थेंब पडताच चर्र झालं आणि जागच्या जागी उडून गेला, तर झाली. थेंब ओघळला, तर नाही. आजीच्या माहेरी, जित्याला, हे पाणी नेहमी घरातल्या सगळ्यात धाकट्याने शिंपडायचं आणि त्याने सांगितलं तेच धरायचं. आजी लग्न होऊन आली तेव्हा हा रिवाज बरोबर घेऊन आली. गेली सहा वर्षं तो मान राणीचा होता.

गाडीला अजून पाऊण तास बाकी होता, तोच आजोबा उठले.

"झाली. वास सुटलाय बघा. राणी, शिंपड पाणी, झालीच आहे."

राणीने ओंजळभर पाणी मडक्यावर मारलं. थेंब मडक्याच्या पोटावरून सावकाश ओघळले, खालच्या राखेत गेले. चर्र झालं नाही. नुसतं फुस्स.

तिने वर पाहिलं. आजोबा तिच्याकडेच बघत होते. कमरेवर हात, काठी तयार.

"झाली ना?"

"झाली," राणी म्हणाली.

दिनूआजोबांनी विस्तव बाजूला केला, मडकं आडवं केलं, फडक्याने धरून पाला ओढला. वाफ निघाली ती जेमतेम. आजीने एक शेंग उचलली, सोलली, दाणा दाताखाली धरला. कच्चकन वाजला. मग अंडं फोडलं. ते हातावरच पसरलं.

उघडलेली पोपटी म्हणजे विझलेली चूल. पुन्हा लावायची तर नवा पाला, नवा पेंढा, सगळं पहिल्यापासून.

"राणी," आजोबा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "तुला दिसलं नाय?"

"दिसलं."

"काय दिसलं?"

"थेंब ओघळला."

"मग झाली कशाला म्हणालीस?"

राणीने तांब्या दोन्ही हातांनी घट्ट धरला. "तुम्ही आधी बोललात."

दिनूआजोबांना हसू आलं आणि ते त्यांनी खोकल्यात लपवायचा प्रयत्न केला. भागीने पदर तोंडाला लावला. आजी हातावरचं अंडं पालापाचोळ्याला पुसत शांतपणे म्हणाली, "अहो, तुमचं एका मिनिटात झालं की. एक्केचाळीस लागलीच नाहीत."

आजोबांनी काठी टाकली आणि बांधाच्या दिशेने चालू लागले.

"जा गो त्यांच्यामागे," आजीने राणीच्या हातात टोपली दिली. "पाला घेऊन या. भागी, तू पण जा. त्यांना भांबुर्डा कळतो की नाही, देवाला माहीत."

बांधावर आजोबा तावातावाने पाला ओरबाडत होते. भागी थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "साहेब, ती जून पानं. कडू लागतील. कवळी शेंड्याला असतात."

आजोबांचा हात थांबला. त्यांनी टोपलीतली पानं खाली ओतली आणि शेंडे खुडायला लागले. राणी त्यांच्या शेजारी खुडू लागली. तिला वाटलं, आता ओरडतील. पण आजोबा खुडतच राहिले. मग विचारलं ते तिला नाही, भागीला.

"भागी, शिवाचं तुला कधी कळलं होतं?"

भागीने खुडलेला पाला टोपलीत टाकला. "जाऊ दे ना साहेब. पोर जगला."

"कधी?"

"सोमवारी. दूध ओढत नव्हता. अंगाला हात लावला तं थंड."

"मंगळवारी आपली बैठक होती."

"व्हय."

"तू आलेली बैठकीला. सही हाय तुझी."

"आलेली ना. सांगनार होते. तुमी दारातूनच म्हनालात, वाडीवर सगळं ठीक हाय ना, भागी? मंग लशींचं सुरू केलंत. मंग मी व्हय म्हनले." ती थांबली. "मानूस एकदा व्हय म्हनला का मंग नाय कसं म्हननार? बुधवारी तुमी पेनला होतात. गुरवारी मीच धावत आले सांगायला."

राणीने आजोबांकडे पाहिलं. ते खाली बसले होते, बांधावरच, पायांत वालाची रोपं. ज्या गोष्टीत ते ओढा ओलांडत होते, पावसात भिजत होते, त्या गोष्टीच्या आधी दोन दिवस होते, आणि ते दोन दिवस त्यांनी आजवर कुणाला सांगितले नव्हते, कारण त्यांना ते माहीतच नव्हते.

"दोन दिवस," ते म्हणाले.

"मोटरसायकल तुमीच काढली साहेब. दुसरा कुनी नसता आला त्या पान्यात," भागी म्हणाली. "मी सगल्यांना तेच सांगते. ते पन खरं हाय."

आजोबांनी तिच्याकडे बघून मान हलवली. मग उठले, टोपली राणीच्या हातून स्वतःच्या डोक्यावर घेतली. तिघं परत आली तेव्हा शेताकडेला कामं वाटून झाली होती. दिनूआजोबा पेंढा आणायला गोठ्याकडे पळाले होते, आजी शेंगांना पुन्हा मीठ चोळत होती, आत्या फुटलेली अंडी निवडून बाजूला काढत होती. गाडीला वीस मिनिटं उरली होती.

आजोबांनी टोपली उतरवली. "प्रणिता, कागद आण."

गणपतीनंतर पहिल्यांदा त्यांनी तिचं नाव घेतलं. आजीचा हात शेंगांवर थांबला.

आत्या उठली नाही. "आप्पा, आधी माझं ऐका. मला सांगायचंय की मी..."

"नाय. तू थांब. तू इथे सगळ्यात शिकलेली, तू शेवटी. भागी, तू बोल. सही देऊ?"

भागी जराही अडखळली नाही. "द्या."

"राणी?"

"द्या, आजोबा."

"हिला विचारतच नाय, हिने पुण्यापर्यंत निरोप पाठवला असणार," ते आजीकडे बोट करून म्हणाले. "आता बोल, प्रणिता."

आत्याचे डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता. "मी चुकले, आप्पा. अहवाल ऑफिसात द्यायच्या आधी तुम्हाला दाखवायला हवा होता. दोन वर्षं मी लिहीत बसले की कोण दुसऱ्याला बोलू देत नाही. आणि तुमच्याबद्दल बोलले ते तुम्हाला न विचारता. मी पण आधीच बोलून मोकळी झाले."

आजोबांनी ते ऐकून घेतलं. मग खिशातलं पेन काढलं. "एक अट आहे. माझा गट त्या सहांत घ्यायचा. नियमवाल्या."

आत्याने पिशवीतून कागद काढून समोर ठेवला. राणीला वाटलं, आता हो म्हणेल, म्हटलंच पाहिजे. पेन उघडलेलं होतं, कागद समोर होता.

"तसं नाही करता येणार," आत्या म्हणाली. "चिठ्ठ्या टाकायच्या आहेत. उद्या, सगळ्यांसमोर. ज्यांना बदलायची इच्छा आहे तेच गट मी नियमात घेतले, तर वर्षाने काय कळणार? नियमामुळे सुधारलं की इच्छेमुळे? मग दुसऱ्या जिल्ह्यातल्या भागीला त्याचा काय उपयोग?"

"आणि चिठ्ठी उलटी निघाली तर मी वर्षभर तसंच बडबडायचं?"

"नेहमीसारखं चालू ठेवायचं. तुम्हाला ते नको असेल, तर सही देऊ नका, आप्पा. पण खोटी चिठ्ठी मी नाही काढणार."

"अगो, सही देतायत ते, घे ना," दिनूआजोबा पेंढ्याचा भारा टाकत म्हणाले.

"बाबा, नाही."

आजोबा पुतणीकडे बघत राहिले. आणि मग ते हसले, गणपतीपासून राणीने न पाहिलेलं ते हसू, मिशीपासून सुरू होऊन कानापर्यंत जाणारं. "लशीची पेटी डोक्यावर घेतलेली आपल्या घरात मी एकटाच नाय," ते म्हणाले, आणि कागद मांडीवर घेऊन सही केली. पूर्ण नाव, हुद्दा, तारीख.

"पन साहेब," भागी म्हणाली, "चिट्टी कशी पन निघू दे. मी आता गप नाय बसायची. आधीच सांगून ठेवते."

आत्याने कपाळाला हात लावला. "भागीताई, असं केलंत तर माझा सगळा अभ्यास..."

"तं तसं लिव. भागी गप बसली नाय म्हनून."

"लिहीन," आत्या म्हणाली, आणि आता तीही हसत होती, डोळे पुसत. "तसंच लिहीन. तळटीप देईन तुमच्या नावाची."

"नावाची नको," आजोबा म्हणाले. "गट क्रमांक सात लिही. आता लाज नाय त्याची."

मडकं पुन्हा भरलं. या वेळी पाला आजोबांनी दाबला, भागीने सांगितलं तसा. पेंढा रचला, विस्तव लागला. दिनूआजोबांनी कंपनीतल्या मुकादमाची नक्कल केली, आजीने जित्याचं एक गाणं म्हटलं, आणि त्या गडबडीत निडी स्टेशनवरून सव्वासहाची गाडी शिट्टी देऊन निघून गेली. कुणी मान वळवली नाही. आत्याने कागद दोनदा घडी करून पिशवीत खोल ठेवला.

"सकाळी मोटरसायकलने पोचवतो तुला," आजोबा म्हणाले. "साडेदहाला ऑफिसच्या दारात. सात नंबर स्वतः येतोय, बघू दे त्यांना."

सूर्य टेकला. वास सुटला, खरंच सुटला. शेजारच्या शेतातून कुणीतरी हाक मारून विचारलं की झाली का. दिनूआजोबांच्या पोटातून आवाज आला आणि सगळ्यांनी तो ऐकला. तरी कुणी बोललं नाही. सगळे राणीकडे बघत होते. आजोबांनी तर ओठ आत घेऊन दातांखाली धरले होते, मिशी तेवढी हलत होती.

राणी उठली. तांब्यात हात बुडवून तिने पाणी शिंपडलं आणि कान मडक्याजवळ नेला. चर्र झालं. बरेच थेंब उडून गेले. एक मात्र, खालच्या अंगाचा, बोटभर ओघळला आणि मग नाहीसा झाला.

तिने सगळ्यांच्या भुकेल्या तोंडांकडे एकदा पाहिलं.

"अजून नाय," ती म्हणाली. "आजोबा, या बाजूला पेंढा कमी पडलाय. आणा."

आणि आजोबा पेंढा आणायला गेले तसा राणीने तांब्या मांडीत घेतला, मडक्यापाशी मांडी घालून बसली आणि त्या एका थेंबाच्या जागेवर नजर लावली.